अकरा नंबर, हद्दीतून

४ मार्च

बत्तीस वर्षं बस चालवली आणि रोज ड्यूटी संपली की लॉगशीट भरली. गाडीचा नंबर, फेऱ्या, काय बिघडलं, कुठं अडलो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी संध्याकाळ झाली की हात पेन शोधतो. आता नगरसेवक झालोय, लिहायला काही ना काही असेल, म्हणून हिच्याकडून शिलाईची मापं लिहायची एक कोरी वही मागून घेतली. ही म्हणाली, "घ्या. पण हिच्यात खरं लिहा. भाषणं बाहेर करा."

आज पहिली सभा. एकतीस खुर्च्या, प्रत्येकीसमोर माईक. शपथ घेताना माझा आवाज फाटला. वर गॅलरीत मास्तर बसला होता. कंडक्टरला आम्ही मास्तर म्हणतो. हा माझ्याबरोबर एकोणीस वर्षं अकरा नंबरवर होता. त्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या आणि शिपायानं त्याला दटावलं.

का उभा राहिलो ते एकदा लिहून ठेवतो. आमची खालची वस्ती कालवा आणि रेल्वेयार्ड यांच्या बेचक्यात. रस्ता एकच, कालव्याच्या काठानं. त्यावरून अकरा नंबर जायची. चार वर्षांपूर्वी 'रस्ता खराब, मार्ग तोट्यात' असं कारण देऊन बंद केली. शेवटची फेरी मीच मारली. तेव्हापासून लाँड्रीत कामाला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, म्हातारेकोतारे, सगळे पाऊण तास चालत मोठ्या रस्त्याला लागतात. मास्तरच्या बायकोला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रक्त साफ करायच्या यंत्राला लावावं लागतं. तिला चालवत नाही. बासष्टाव्या वर्षी मास्तर तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेतो, आणि चढ आला की उतरून ढकलतो.

प्रचारात मी एकच वाक्य बोललो. अकरा नंबर परत आणतो. लोकांनी निवडून दिलं. कुठल्या पक्षाचा नाही, कुणाचा मिंधा नाही.

११ मार्च

सभागृहाचं गणित आज उमगलं. बांधकाम समितीच्या सभापतींकडे पंधरा. त्यांना स्टेशनपासून कारखान्यांपर्यंत उड्डाणपूल हवाय. समोरच्या गटाच्या, पंधरा वर्षं निवडून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पंधरा. त्यांचं म्हणणं, आधी आहेत ते रस्ते दुरुस्त करा, बंद केलेल्या बस सुरू करा, मग पुलाचं बघू. मधे मी एकटा. पंधरा तिकडे, पंधरा इकडे, आणि काटा माझ्या हातात.

कुणालाही वाटेल की मी बाईंच्या बाजूचा. मलाही काल रात्रीपर्यंत तसंच वाटत होतं. आज मी माईक सुरू करून विचारलं, "विषय क्रमांक चार म्हणजे काय?" बाई म्हणाल्या, "सदस्यांनी विषयपत्रिका वाचून यावं. हा बसस्टॉप नाही, येईल त्यात चढायला." सगळं सभागृह हसलं. शिपाईसुद्धा.

मधल्या सुट्टीत त्या मागून आल्या. "रागावू नका, तोंडातून गेलं. पण वाचत जा. पुलवाले तुम्हाला वाचायला लावणार नाहीत."

म्हणजे पुन्हा तेच. मला वाचता येत नाही, असंच. सातवी पास आहे मी.

१९ मार्च

सभापती घरी आले! आधी फोन नाही, मागे-पुढे गाड्या नाहीत, एकटे. हिचं शिवणयंत्र असलेल्या खोलीत, हिच्याच स्टुलावर बसले. चहा दोनदा घेतला. पुलाचा विषयही काढला नाही. मला विचारतात, "मला एक सांगा, एवढी लांब गाडी वळते तेव्हा मागचं चाक नेमकं कुठून जातं?" मी काडेपेटी घेऊन टेबलावर दाखवलं. पुढचं चाक मोठा घेर घेतं, मागचं आत कापतं, म्हणून कोपऱ्यावरचा खांब नेहमी मागच्या बाजूला लागतो. त्यांनी स्वतः काडेपेटी फिरवून बघितली. म्हणाले, "आमच्या इंजिनिअरांना हे कुणी शिकवलंच नाही. तुमच्यासारखा माणूस समितीत पाहिजे."

बत्तीस वर्षांत मला गाडीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. उशीर का झाला, एवढंच विचारत.

हिनं कपडा खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "आमच्याकडे बस कधी येणार?"

"वहिनी, पूल झाला की बस आलीच म्हणून समजा."

ते गेल्यावर ही म्हणाली, "'समजा' म्हणाले. ऐकलंत ना?"

हिला प्रत्येक शब्दात टाका उसवलेला दिसतो. धंद्याची सवय.

२७ मार्च

मला वाहतूक उपसमितीचा अध्यक्ष केलं. तिसऱ्या मजल्यावर खोली, दारावर पाटी, फिरती खुर्ची. बस चालवायच्या सीटपेक्षा मऊ आहे, पण पाठ टेकत नाही. सवय होईल.

दुपारी शहर अभियंता नकाशाची गुंडाळी घेऊन आले. चष्मेवाला, गरीब स्वभावाचा माणूस. सभापतीही होते. पूल आधी बाजारपेठेतून जाणार होता, तिथल्या दुकानदारांनी आरडाओरडा केला म्हणून आता आखणी 'किंचित' कालव्याच्या बाजूला सरकवलीय. त्यामुळे आमच्या रस्त्याचं कामही त्यातच होणार. सभापती म्हणाले, "अकरा नंबरचा रस्ता आयता होतोय. तुमच्या पायगुणानं."

खरं सांगायचं तर नकाशा मला नीट लागला नाही. निळ्या रेघा, लाल रेघा, तुटक रेघा. रस्ता काचेतून दिसतो तसा मला कळतो. वरून कधी बघितलाच नाही. अभियंता म्हणाले, "साहेब, इथली लेव्हल बघून घ्या," आणि पेन्सिलीनं आमच्या वस्तीपाशी दाखवलं. तिथं 'अधिक ७.५' असं लिहिलंय. म्हटलं, "कळलं, कळलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सभापतींकडे बघितलं, आणि गुंडाळी बांधायला घेतली.

साडेसात मीटरनं रुंद होतोय म्हणजे आपला रस्ता. समोरासमोर दोन बस सहज जातील. डॉक्टरीणबाईंना पंधरा वर्षांत जे जमलं नाही ते पंधरा दिवसांत झालं.

२ एप्रिल

मी कच्चा गडी नाही. सभापतींना म्हटलं, तोंडी नको. पुलाच्या ठरावातच अकरा नंबर लिहा, मग हात वर करतो. ते म्हणाले, "लिहा की. मजकूर तुम्हीच सांगा."

माझ्याच खोलीत बसून मजकूर केला. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई होत्या. सव्वीस वर्षं सभागृहात बसतात, एक शब्द जादा बोलत नाहीत. मी सांगितलं, "मार्ग क्रमांक अकरा खालच्या वस्तीच्या हद्दीतून पूर्ववत सुरू करण्यात यावा."

बाईंनी पेन थांबवलं. "नुसतं 'हद्दीतून' लिहू, की 'हद्दीतील थांब्यांसह'?"

सभापती घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाई, समोर कोण बसलंय बघा तरी. बसबद्दल यांना विचारताय?"

मी म्हटलं, "अहो, बस आली की थांबतेच. बत्तीस वर्षं चालवलीय मी."

सभापती एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मी सांगितलं तसं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. सूचक म्हणून माझं नाव. पहिलाच ठराव आणि त्यावर आपलं नाव. घरी येऊन हिला दोनदा वाचून दाखवला. ही सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "चांगलाय." एवढंच.

९ एप्रिल

सोळा विरुद्ध पंधरा. पूल मंजूर, अकरा नंबर मंजूर.

डॉक्टरीणबाई मतदानाआधी वीस मिनिटं बोलल्या. आखणी का बदलली, कालव्याकाठी राहणाऱ्यांना विचारलं का, लेव्हल काय. मला वाटलं, बघा, आमच्या वस्तीचं भलं होतंय तर पोटात दुखतंय. हात वर केला तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे. तपासताना पेशंटकडे बघतात तसं.

वस्तीत पोचलो तर कोपऱ्यावर दीडदोनशे माणूस. लाँड्रीतल्या बायांनी मला खांद्यावर घ्यायचा बेत केला, मीच नको म्हटलं, कंबर धरली असती. मास्तरनं तोंडानंच दोनदा घंटी वाजवली, टण् टण्. डबल बेल म्हणजे सुटायचा इशारा. मग गळ्यात पडून रडला. त्याची बायको दारात खुर्चीवर होती. म्हणाली, "भाऊजी, आता सायकल विकायला काढते."

असा दिवस आयुष्यात एकदाच.

६ जून

कालव्याच्या रस्त्यावर मोठं यंत्र आलंय. जमिनीत भोक पाडून माती वर काढतात आणि नळीत भरून नेतात. लोक मला विचारतात, मी सांगतो. भक्कम रस्ता करायचा तर आधी माती तपासतात.

मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "उस्ताद, रस्त्याला एवढं खोल कशाला? तो ऑपरेटर म्हणतो, बारा मीटर जातोय."

"बस जाणार आहे त्यावरून. वजन काय कमी असतं?"

"आधी जात होती तेव्हा कुणी बारा मीटर खणलं नव्हतं."

"म्हणूनच तर खराब झाला रस्ता."

त्यानं वळून यंत्राकडे बघितलं. मग म्हणाला, "तू नकाशा बघितलायस ना नीट?"

"बघितलाय."

बघितला होताच की.

२१ जुलै

चौदा घरांना नोटिसा. पुलाचे खांब आणि चढाचा रस्ता यासाठी जागा संपादित. साठ दिवस. पर्यायी खोल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला. चौदांतलं सहावं घर मास्तरचं.

मी नोटीस घेऊन थेट अभियंत्यांकडे गेलो. म्हटलं, चूक झालीय, पूल कालव्याच्या पलीकडे आहे. त्यांनी नकाशा पसरला. मला बसायला सांगितलं. बोट ठेवून सावकाश दाखवलं, लहान मुलाला दाखवतात तसं.

पूल आमच्याच रस्त्यावरून जातोय. रस्त्यावरून म्हणजे रस्त्याच्या वरून. रस्ता रुंद होत नाहीये. अधिक साडेसात म्हणजे जमिनीपासून उंची.

"आणि अकरा नंबर?"

"पुलावरूनच जाईल, साहेब. ठरावाप्रमाणे. तुमच्या हद्दीतून."

"थांबा कुठं?"

"पुलावर थांबा देता येत नाही. नियमच आहे. खालचा रस्ता दुसऱ्या टप्प्यात. तो अजून मंजूर नाही." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मी त्या दिवशी तुम्हाला लेव्हल दाखवली होती. तुम्ही कळलं म्हणालात. सभापतींसमोर मी आणखी काय बोलणार?"

आज एवढंच लिहितो.

२२ जुलै

मास्तरकडे गेलो. मला वाटलं होतं शिव्या देईल. तो नोटीस वाचत होता, चष्मा नाकावर, तिकिटांचा हिशोब तपासायचा तसा एकेक ओळ बोटानं धरून. म्हणाला, "सूचक म्हणून तुझं नाव आहे."

"मला नकाशा कळला नाही रे."

"मग विचारायचं. आपण अनोळखी रस्त्याला गाडी घालताना दहा जणांना विचारायचो."

"सगळ्यांसमोर कसं विचारणार?"

हे तोंडून गेलं आणि मलाच ऐकू आलं. त्याची बायको आत होती, ती खोकली. मास्तर म्हणाला, "जा आता. हिला आराम करू दे."

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "राजीनामा द्या."

म्हटलं, आत राहिलो तर काही तरी करता येईल. बाहेर पडून काय मिळणार?

"आत काय मिळतं ते दिसलंच," ही म्हणाली, आणि यंत्र सुरू केलं.

ही सांगते ते मला पटतं. तरी राजीनाम्याचा कागद घेऊन बसलो तर डोळ्यांसमोर ती दारावरची पाटी येत होती. लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरलंय.

३ ऑगस्ट

सभेत ठराव मागे घ्यायची सूचना मांडली. रात्रभर पाठ केली होती. दोन वाक्यं झाली आणि सभापती उठले. आवाजात साखर. "सन्माननीय सदस्यांच्या भावना आम्ही समजतो. पण ठराव त्यांचाच आहे. बाई, जरा वाचून दाखवा."

इतिवृत्ताच्या बाईंनी वाचला. माझं वाक्य, माझं नाव, माझी सही, तारीख. वाचताना त्यांनी मान वर केली नाही. महापौर म्हणाले, मंजूर ठराव एका वर्षाच्या आत पुन्हा चर्चेला घेता येत नाही. पुढचा विषय.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्या चौदा घरांसाठी भांडल्या. निदान खोल्या जवळ द्या, निदान तळमजल्यावर द्या. त्यांना घरांची यादी पाठ होती. कुठल्या घरात कोण आजारी, कुठल्या घरात किती माणसं. मला माझ्या शेजाऱ्यांची इतकी माहिती नव्हती. नियमात बसत नाही म्हणून तेही बारगळलं.

सभा संपल्यावर जिन्यात त्या माझ्या बाजूनं उतरल्या. मला हवं होतं की त्यांनी बोलावं. सांगितलं होतं ना, एवढं तरी म्हणावं. त्या म्हणाल्या, "जपून उतरा, पायऱ्या ओल्या आहेत."

१९ सप्टेंबर

मास्तरचं सामान हलवलं. टेम्पोत सगळं बसलं. सायकल शेवटी वर बांधली. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्याच्या बायकोला खुर्चीत बसवून मी आणि शेजारच्या दोघांनी वर नेलं. दर मजल्यावर थांबलो. तिसऱ्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "हवा छान आहे इथं." कुणाला बरं वाटावं म्हणून म्हणाली, कोण जाणे.

मास्तर माझ्याशी कामापुरतं बोलला. इकडून धर. जपून. सोड.

१४ नोव्हेंबर

वर्ष उलटून गेलं, वहीत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं काय? खांब उभे राहिले. वस्तीत दुपारी तीनलाच सावली पडते. एका वर्षाची मुदत संपल्यावर मी ठराव मागे घ्यायची सूचना पुन्हा मांडली, ती पडली. तोवर पूल निम्मा झाला होता. सगळे हसले नाहीत एवढंच. लाँड्रीतल्या बाया अजून चालतच जातात, आता खांबांमधून. मला बघून बोलायच्या थांबतात.

आज सभापती माझ्या खोलीत आले. उद्घाटन दोन डिसेंबरला. "पहिली अकरा नंबर तुम्ही चालवायची. लोकांना आवडेल. तुमचं स्वप्न होतं ते." डेपोची परवानगी काढलीय, शेजारी ड्यूटीवरचा ड्रायव्हर बसेल.

नाही म्हणणार होतो. मग मनात आलं, स्टेअरिंग माझ्या हातात असेल. वस्तीच्या बरोबर वर गाडी उभी करीन. दार उघडीन. आत सगळं सभागृह असेल, पेपरवाले असतील. त्यांना म्हणेन, या, उतरून दाखवा इथं. एवढं एकच वाक्य. मग काय करायचं ते करा.

हो म्हटलं. हिला बेत सांगितला नाही.

२ डिसेंबर

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

गाडी नवी कोरी. क्लच नाही, गिअर नाही, पाय रिकामा राहतो. मागे पंचवीसएक सदस्य, महापौर, पेपरवाले. डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या. सभापती पुढच्याच सीटवर. जुन्या दिवसांची आठवण म्हणून गाडीत हौसेनं घंटीची दोरी बांधली होती.

स्टेशनहून निघालो, चढ चढलो, आणि वस्ती आली. पहिल्यांदाच वरून बघितली. पाण्याच्या टाक्या, पत्रे, वाळत घातलेले कपडे. पत्र्यांवर दगड ठेवलेत ते इतके आहेत हे माहीत नव्हतं. आमचं घर कळायला वेळ लागला. ही मागच्या अंगणात कपडे पिळत होती. तिनं वर बघितलं नाही. ज्या जागी मास्तरचं घर होतं तिथं खांबाचा पाया आहे, तो वरून दिसत नाही.

मी ब्रेक दाबला. गाडी उभी केली. दाराचं बटण दाबलं, दार उघडलं. वारा आत आला. मागची वाहनं हॉर्न द्यायला लागली.

"काय झालं? बंद पडली का?" कुणी तरी विचारलं.

मी वळलो. वाक्य तयार होतं. दोन आठवडे तयार होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तोंड उघडलं, आवाज नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मला अजिबात नको होतं.

सभापती उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "मित्रांनो, ही त्यांची वस्ती. इथल्या लोकांसाठी त्यांनी हा मार्ग मिळवला. भरून आलंय त्यांना. टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. खूप झाल्या. फोटो निघाले. मी मान हलवत होतो, नाही नाही म्हणत होतो. त्यांना ती नम्रता वाटली.

मग सभापतींनीच दोरी ओढली. दोनदा. टण् टण्.

आणि माझा पाय ब्रेकवरून उठला. मी उठवला नाही. बत्तीस वर्षं डबल बेल झाली की तो उठतो, तसा उठला. दार बंद झालं आणि गाडी निघाली. पुढच्या कारखान्यांपर्यंत मी नीट चालवली. एकही धक्का बसला नाही, असं महापौर म्हणाले.

३ डिसेंबर

पेपरात फोटो आहे. स्टेअरिंगवर मी, गाल ओले, मागे सभापती. खाली लिहिलंय, 'स्वप्नपूर्तीच्या क्षणी गहिवरलेले ज्येष्ठ सदस्य.'

हिनं फोटो बराच वेळ बघितला. "का थांबलात तिथं?"

सांगितलं. सगळं.

ही म्हणाली, "आणि मी खाली कपडे पिळत होते." मग पेपर घडी करून ठेवला. त्यावर कापडाची कापाकापी केली नाही. जुने पेपर ती त्यासाठीच ठेवते. हा कपाटात ठेवला. का ते विचारायची हिंमत झाली नाही.

९ डिसेंबर

मास्तरकडे गेलो. चौदा महिन्यांत पाचव्यांदा. बायको आत झोपली होती. तो खिडकीपाशी बसून गोळ्यांच्या पाकिटांवर वारांची नावं लिहीत होता. मला बघून उठला नाही, पण स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

"पेपरात बघितलं," तो म्हणाला. "वर गाडी थांबवलीस म्हणे."

"थांबवली. दार पण उघडलं."

"चढलं कोण?"

"कुणी नाही."

"उतरलं कोण?"

"नाही. कुणी नाही."

"डबल कुणी दिली?"

"सभापतींनी."

त्यानं पेन पाकिटावर टेकवलं. "आणि तू गाडी काढलीस."

"काढली."

त्यानं मान हलवली. रागानं नाही. चेकिंगला आलेला साहेब कागदावर बरोबरची खूण करतो तशी. त्याच्या मनात जे होतं ते जुळलं असावं. मग 'गुरुवार' लिहून पाकीट बाजूला ठेवलं.

मी निघालो तेव्हा दारापर्यंत आला. म्हणाला, "शेजारच्या दोघांतला एक गाव सोडून गेला. तिची खुर्ची खाली न्यायला मला एक माणूस कमी पडतो. गुरुवारी येशील?"

"येतो."

"दहाला निघायचं असतं. उशीर केलास तर दवाखान्यात नंबर जातो."

येतो म्हणालो खरं. घरी येऊन वेळेचा अंदाज केला. दहाला तिथं पोचायचं तर साडेसातला घर सोडायला हवं. मोठ्या रस्त्यापर्यंत पाऊण तास चालणं आहे.